जुन्या इंग्लिश गावातलं घर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्याच्या दक्षिण टोकाला, वेलंड नदीच्या काठी स्टॅमफर्ड नावाचं बाजाराचं गाव आहे. लोकवस्ती सुमारे २०,०००. दर शुक्रवारी बाजार भरतो. मध्ययुगातली पाच चर्च अजून उभी आहेत आणि फिकट पिवळसर चुनखडीच्या दगडात बांधलेल्या सहाशेहून अधिक इमारतींची नोंद सरकारच्या संरक्षित यादीत आहे. बीबीसीने १९९४ साली दाखवलेल्या ‘मिडलमार्च’ मालिकेसाठी याच गल्ल्या निवडल्या होत्या. इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांना, त्यांत मराठी कुटुंबांनाही, अशा गावात घर घ्यावंसं वाटतं आणि ते अगदी स्वाभाविक आहे. पण अशा घराबद्दलचे बरेच समज चुकीचे असतात आणि ते फार महागात पडतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: पैसे मोजले की घर सर्वस्वी आपलं. ऐतिहासिक गावातलं जुनं घर कागदोपत्री एकाचं असलं, तरी त्यावर गावाचाही हक्क असतो. हे आधी पटलं तर नियम जाचक वाटत नाहीत आणि खर्चाचा अंदाजही चुकत नाही.

गैरसमज: लोकांनी कायम जपलं म्हणून गाव टिकलं

स्टॅमफर्ड टिकलं त्यात जपणुकीइतकाच योगायोगाचा वाटा आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणारा ग्रेट नॉर्थ रोड या गावातून जात असे. घोडागाड्यांच्या काळात इथल्या सराया आणि दुकानं भरभराटीला आली आणि आज डोळ्यांत भरणारी अनेक देखणी घरं त्याच संपन्नतेतून उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तरेकडचा मुख्य लोहमार्ग मात्र पीटरबरोवरून गेला. कारखाने, कामगार आणि वाढ तिकडे सरकली. स्टॅमफर्डला शाखामार्ग मिळाला, पण जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसा आणि दबाव गावात उरला नाही. विसाव्या शतकात मोटारी वाढल्या तेव्हा ही मंदी कोणत्याही गावाला तारायला पुरेशी नव्हती. म्हणून १९६७ साली सिव्हिक अ‍ॅमेनिटीज अ‍ॅक्ट आला आणि त्याच वर्षी स्टॅमफर्ड हा इंग्लंडमधला पहिला कॉन्झर्व्हेशन एरिया, म्हणजे कायद्याने जपलेला परिसर, ठरला. आज देशात असे जवळपास दहा हजार परिसर आहेत. आधी योगायोगाने जे राखलं, ते त्यानंतर कायदा राखतो आहे. ज्या रस्त्याच्या देखणेपणावर भाळून माणूस घर घ्यायला निघतो, तो रस्ता शेजाऱ्यांनीही नियम पाळले म्हणूनच तसा आहे. नियम फक्त इतरांना लागू असावेत, ही अपेक्षा म्हणूनच टिकत नाही.

गैरसमज: संरक्षण फक्त दर्शनी भागाला असतं, किंवा, संरक्षित घरात खिळाही ठोकता येत नाही

हे दोन समज परस्परविरोधी आहेत आणि दोन्ही चूक आहेत. इमारत लिस्टेड झाली, म्हणजे सरकारच्या यादीत आली, की आतबाहेर सगळीच संरक्षित होते. जिना, तुळया, शेकोटीची चौकट, जुनी दारं, सगळं त्यात येतं. घराच्या आवारातलं १ जुलै १९४८ पूर्वीचं बांधकाम, मग ती कुंपणाची भिंत असो की मागची पडवी, तेही बहुधा त्यात धरलं जातं. ग्रेड दोन म्हणजे दुय्यम, नियम सैल, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात यादीतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती ग्रेड दोनच्याच आहेत आणि परवानगीची अट तिन्ही ग्रेडना सारखीच आहे. पण लिस्टिंग म्हणजे मनाई नव्हे. मूळ सामान आणि मूळ पद्धत वापरून केलेल्या साध्या दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. इमारतीचं वैशिष्ट्य बदलेल अशा कामासाठी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट घ्यावी लागते. त्या अर्जाला शुल्क नाही. बदल का हवा आणि त्याने काय गमावलं जाईल, एवढं अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. स्वयंपाकघरं, न्हाणीघरं, काही ठिकाणी मागच्या बाजूची नवी वाढसुद्धा अशा परवानगीने होते. शिवाय अशा गावात राहायचं तर लिस्टेड घरच घ्यावं लागतं, असंही नाही. वीस हजारांच्या वस्तीत सहाशे-साडेसहाशे इमारती यादीत असतील, तर बहुतेक लोक यादीबाहेरच्या घरांत राहतात हे उघड आहे. कॉन्झर्व्हेशन एरियातल्या साध्या घराचे नियम बरेच सौम्य असतात. तिथेही झाड तोडायचं किंवा छाटायचं असेल तर कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं, एवढं ध्यानात ठेवावं.

गैरसमज: आधीच्या मालकाने केलेल्या बदलांशी आपला संबंध नाही

खरेदीदाराला सर्वांत महाग पडतो तो हा समज. लिस्टेड इमारतीत विनापरवाना बदल करणं हा १९९० च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. हा गुन्हा ज्याने काम केलं किंवा करवून घेतलं त्याचाच राहतो, नव्या मालकाला चिकटत नाही. पण बदल पूर्ववत करण्याची नोटीस मात्र घरामागोमाग येते आणि ती आजच्या मालकावर बजावता येते. अशी नोटीस काढायला काळाची मुदत नाही. तीस वर्षांपूर्वी कुणी जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या असतील, तर त्या पुन्हा लाकडी करण्याचा खर्च आज घर घेणाऱ्याच्या माथी येऊ शकतो. हे अन्यायाचं वाटेल. पण मुदत ठेवली असती तर काही वर्षं लपवून ठेवलेला प्रत्येक बदल पचला असता आणि नियम पाळणाराच मूर्ख ठरला असता. उपाय खरेदीच्या आधीचा आहे. घरातला प्रत्येक नवा दिसणारा भाग पाहून त्याची परवानगी वकिलामार्फत मागायची, आणि ती नसेल तर किंमत ठरवतानाच तो मुद्दा काढायचा.

गैरसमज: जुनी घरं ओलीच असतात, सिमेंट लावलं की प्रश्न मिटतो

जुन्या भिंती एकसंध असतात, आधुनिक घरांसारखी मधली पोकळी त्यांत नसते. दगड किंवा विटा चुन्यात बांधलेल्या असतात. पाऊस पडला की भिंत थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा लागला की चुन्याच्या सांध्यांतून ते बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद होते. मग दगडाचे पापुद्रे सुटतात आणि तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात. महाराष्ट्रात जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंट थापल्यावर हेच घडताना दिसतं. ओल दिसली की भिंतीच्या पायथ्याला भोकं पाडून रसायन भरण्याआधी तुंबलेली पन्हाळ, बाहेर वाढलेली जमिनीची पातळी आणि कुणीतरी लावलेलं सिमेंट, ही तीन कारणं तपासावीत. विल्यम मॉरिसने १८७७ साली स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था ‘स्पॅब’ दुरुस्तीची हीच दृष्टी शिकवत आली आहे.

छपराचंही तसंच. स्टॅमफर्डच्या बऱ्याच जुन्या घरांवर जवळच्या कॉलीवेस्टन गावच्या चुनखडीच्या पातळ फरश्या आहेत. खाणीतून काढलेले दगड ओले ठेवून हिवाळाभर उघड्यावर टाकायचे, थंडीने आतलं पाणी गोठून थर सुटायचे आणि मग कारागीर त्यांच्या फरश्या काढायचा. वळचणीला मोठ्या फरश्या आणि वर आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या, अशी त्यांची रचना असते. हिवाळे सौम्य झाले तशी ही कला मंदावली. अलीकडे कृत्रिम गोठवणीने तिला पुन्हा बळ मिळालं आहे. असं छप्पर दुरुस्त करणं साध्या कौलांपेक्षा कितीतरी महाग असतं. म्हणून कर्ज देणारी बँक स्वतःसाठी जे मूल्यांकन करते, त्यावर विसंबू नये. जुनं बांधकाम जाणणाऱ्या सर्व्हेअरकडून सर्वांत सविस्तर, म्हणजे लेव्हल थ्री, पाहणी करून घ्यावी.

गैरसमज: ऑफर स्वीकारली म्हणजे व्यवहार पक्का

इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं. विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि घेणाराही माघार घेऊ शकतो. पाहणी, परवानग्यांची छाननी, शेजारच्या घराची खोली आपल्या खोलीवर आली आहे का याचा तपास, सगळं या टप्प्याच्या आत उरकायला हवं.

भारतात घर असणाऱ्यांनी आणखी एक हिशेब आधीच करावा. स्टँप ड्यूटी आकारताना जगात कुठेही असलेलं घर मोजलं जातं. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार साडेतीन लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला २,५०० पौंड भरावे लागतात आणि सर्वसाधारण दराने ७,५००. पण पुण्यात ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचा फ्लॅट आधीच नावावर असेल, तर सहसा पाच टक्के अधिभार धरून ही रक्कम २५,००० पौंडांवर जाते. फ्लॅट नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर असला तरी तो मोजला जातो.

आक्षेप आणि उत्तर

या सगळ्यावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा, की हे नियम घरं महाग आणि थंडगार ठेवतात आणि हवामानबदलाच्या काळात ते परवडणारं नाही. यात तथ्य आहे, पण अर्धंच. छताखालचं उष्णतारोधन, फटी बुजवणं, जुन्या खिडकीच्या आतून दुसरी काच बसवणं हे उपाय जुन्या घराला सहसा मानवतात. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ साली अशा बदलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शनही काढलं आहे. दुसरा आक्षेप मला पूर्ण पटतो: समाजासाठी जपायचं तर खर्चात समाजाचा वाटा कुठे आहे? खाजगी घरांना अनुदान क्वचितच मिळतं. मंजूर बदलांवरची व्हॅटची सवलत ऑक्टोबर २०१२ मध्ये काढून घेतली गेली. नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर सहसा २० टक्के, ही रचना उलटी आहे. ती बदलायला हवी. पण त्यामुळे नियम चुकीचे ठरत नाहीत. त्यांचा भार एकट्या मालकावर टाकणं चुकीचं ठरतं.

म्हणून अशा घराची किंमत ठरवताना खर्चात तीन गोष्टी धराव्यात: चुना आणि फरशी जाणणारा कारागीर, परवानगीसाठी लागणारा वेळ आणि आधीच्यांनी करून ठेवलेल्या कामांचा जाब. हे ओझं नको असेल त्याने त्याच गावात यादीबाहेरचं घर घ्यावं. गाव तेच मिळेल. आणि जो ते पत्करेल, त्याने आपण या घराच्या अनेक मालकांपैकी एक आहोत हे जाणून ते घ्यावं. घर पुढच्याच्या हाती निदान आपल्याला मिळालं तितकं धड जावं, एवढीच अपेक्षा कायदा करतो, आणि ती रास्त आहे.