घसारा, घाट आणि एक जुनी गाडी

हिशेबशास्त्रात मोटारगाडीइतकी दुर्दैवी मालमत्ता क्वचितच दुसरी असेल. जमीन वाढते, सोने वाढते, ठेवीवर व्याज चढते. गाडी मात्र शोरूमच्या दाराबाहेर पडली की उतरणीला लागते. प्राप्तिकराच्या नियमांनुसार व्यवसायातील मोटारीवर दरवर्षी १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. त्या दराने ६ लाख रुपयांची गाडी २२ वर्षांनी कागदावर सुमारे १६,८०० रुपयांची उरते. चार चांगले टायर घ्यायचे म्हटले तरी साधारण तेवढी रक्कम लागते. कंपनी कायद्याच्या परिशिष्टाने तर अशा मोटारीचे उपयुक्त आयुष्य अवघे ८ वर्षांचे मानले आहे.

आमच्या दारात उभी असलेली गाडी २००३ च्या नोव्हेंबरात नोंदलेली आहे. म्हणजे कायद्याने दिलेले आयुष्य ती जवळजवळ तीनदा जगली. त्यातही ती साधी गाडी नव्हे. आपल्या काळातील वेगवान गाड्यांपैकी एक आहे. तिची कंपनी आणि नाव मी लिहीत नाही. बँकेतील ३४ वर्षांच्या नोकरीने खातेदाराचे नाव चारचौघांत न घेण्याची सवय लावली आहे, आणि पुढे जे सांगायचे आहे ते त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांना लागू पडते.

ती पिढी कोणती, हे तरुण वाचकांसाठी सांगायला हवे. मारुती ८०० च्या इंजिनाची ताकद ४० अश्वशक्तीच्याही आत होती आणि आपण तिच्यातून सहकुटुंब महाबळेश्वरला जात होतो. मग १९९९ ते २००३ या चार-पाच वर्षांत बाजारात एकाएकी वेगळेच वारे वाहू लागले. फोर्डची आयकॉन १.६ आली, ९२ अश्वशक्तीची. होंडा सिटीचे व्हीटेक इंजिन १०६ अश्वशक्तीचे होते. फियाटने पालिओ १.६ मध्ये १०० अश्वशक्ती एका छोट्या हॅचबॅकमध्ये बसवली आणि जाहिरातीला सचिन तेंडुलकरला उभे केले. या गाड्यांचे वजन साधारण टनभर. आजच्या उंच, जाडजूड गाड्यांच्या मानाने त्या सडपातळच म्हणायच्या. मध्यमवर्गीय माणसाला परवडेल अशा किमतीत वेग मिळण्याची आपल्या देशातली ती पहिलीच वेळ होती.

अशी गाडी म्हातारी कशी होते, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. मोटार विम्याच्या दाव्यात घसाऱ्याचे एक कोष्टक असते. काचेवर घसारा शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. आणि रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के, मग गाडी नवी असो की जुनी. हे कोष्टक ज्याने बनवले त्याने जुनी गाडी स्वतः बाळगली असावी, असे मला नेहमी वाटते. कारण २२ वर्षांच्या गाडीचे लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देते ते रबर. इंजिनाला तोलून धरणारी माउंटिंगे, चाकांच्या जोडणीतले बुश, शीतक वाहून नेणारे होज पाइप, ॲक्सलच्या सांध्यावरचे बूट, दारांच्या कडांची बीडिंग, सगळे एका वयाचे आणि एकाच वेळी वाळत, तडकत जाणारे. एक पाइप बदलला की दाब शेजारच्या दुर्बल पाइपावर येतो आणि महिनाभरात तो गळू लागतो. बँकेच्या भाषेत, एक थकीत खाते वसूल करावे तोवर त्याचा जामीनदार थकावा, तशातला प्रकार.

वेगवान गाडीला हे सारे अधिक सोसावे लागते. तिच्या चार सिलिंडरांना १६ झडपा. प्रत्येकी दोन हवा आत घेणाऱ्या, दोन धूर बाहेर टाकणाऱ्या. त्यामुळे इंजिन जोरात फिरू लागले की त्याला श्वास पुरतो आणि ताकद वाढत जाते. पण जास्त फेरे म्हणजे जास्त उष्णता, आणि बॉनेटखाली जागा कमी. तापून-निवून प्लास्टिक ठिसूळ होते, तारांवरचे आवरण ताठरते. शिवाय झडपांची उघडझाप सांभाळणारा टायमिंग बेल्ट. काही गाड्यांत त्या जागी साखळी असते, तेवढी चिंता कमी. आमच्या गाडीत रबरी पट्टाच आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर अशा इंजिनात झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या वर जातो. गंमत अशी, की तो तुटण्यापूर्वी कसलाही आवाज करीत नाही. म्हणून किलोमीटर पुरे होवोत न होवोत, ठरावीक वर्षे झाली की बदलायचा. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘‘सायेब, बेल्ट तुटल्यावर मला बोलवू नगासा. तुटायच्या आधी बोलवा.’’

मिस्त्रींकडे येण्यापूर्वी मी एका मोठ्या, वातानुकूलित सर्व्हिस सेंटरमध्ये जात असे. तेथील मुले अत्यंत नम्र होती. गाडी आली की ती संगणक जोडीत, आणि तो संगणक आमच्या गाडीला ओळखतच नसे. मग एक भाग बदलून पाहायचा, नाही जमले तर दुसरा. तिसऱ्या खेपेला, ‘काका, आता नवीनच घ्या ना,’ असा सल्ला, कॉफीसह. त्यांचा दोष तरी काय म्हणावा? ती मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा या गाडीचे उत्पादन बंद झाले होते. पण २२ वर्षांच्या गाडीच्या मालकाला सर्वांत अधिक टोचते ते हेच. बिघाड सहन होतो, ‘पार्ट येत नाही’ हे तीन शब्द सहन होत नाहीत.

आणि पुष्कळदा ते खरेही नसतात. हे मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कळले. चाकाच्या बेअरिंगवर, ऑइल सीलवर क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक कोणत्याही गाडीच्या कंपनीचा नसतो. बेअरिंगची मापे ठरलेली असतात. गाडीच्या नावाने मागितले तर ‘नाही’ म्हणणारा दुकानदार क्रमांकाने मागितले की तेच बेअरिंग फडताळातून काढून देतो. स्पार्क प्लगचे तसेच, पट्ट्यांचेही बहुतेक तसेच. जे बाजारात खरोखरच नाही ते लेथवर बनते. मागच्या निलंबनाचे, म्हणजे सस्पेन्शनचे, बुश आम्ही नमुना देऊन पॉलियुरेथेनचे कातून घेतले. किंचित कडक आहेत. खड्डा पूर्वीपेक्षा स्पष्ट कळतो. यापलीकडे उरतो तो मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार, आणि त्याच गाडीच्या मालकांचा मोबाइलवरील समूह. त्यात कोइमतूरचे एक दंतवैद्य आहेत. त्यांनी एकदा मला एक सेन्सर कुरिअरने पाठवला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. मीही मग त्यांना दोन बेअरिंगे पाठवून खाते चुकते केले.

अलीकडे एक नवी काळजी शिरली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. २००३ च्या गाडीतील रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी घडवलेल्या नव्हत्या. आम्ही टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घेतल्या आणि गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवणे बंद केले. मायलेज थोडे घटले, पण या गाडीकडून मायलेजची अपेक्षा पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

सरकारदरबारी तर हिची अवस्था त्रिशंकूची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. दिल्लीत पेट्रोल गाडीवर १५ वर्षांची मर्यादा आली. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही, मात्र शुल्क चढत्या भाजणीचे आहे. २०१८ साली आम्ही नूतनीकरणाला ६०० रुपये भरले, २०२३ साली ५,०००, आणि २०२५ च्या सुधारित नियमांप्रमाणे २० वर्षांवरील मोटारीला १०,००० पडतात. पर्यावरण कर त्याहून वेगळा. दुसऱ्या टोकाला, २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’चा मान आणि स्वतंत्र नंबरप्लेट दिली. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे टाचा उंचावून पाहतात. आमची गाडी निघते तेव्हा शेजारी विचारतात, ‘अजून काढली नाही का?’ वीस ते पन्नास या वयात गाडीला ना तारुण्याचे कौतुक, ना वार्धक्याचा मान. ज्या गाड्या पुढे ‘व्हिंटेज’ ठरतील त्यांना ही तीस वर्षे कोणीतरी पदरमोड करून सांभाळावे लागते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

मग हे सारे कशासाठी, असा प्रश्न चिरंजीव पुण्याहून दर महिन्याला विचारतात. ‘आप्पा, इलेक्ट्रिक घ्या, कटकट मिटवा.’ मी त्यांना आकडे पाठवतो. गेल्या पाच वर्षांत गाडीवरचा दुरुस्ती-देखभालीचा खर्च वर्षाला सरासरी ३८,००० रुपये झाला. १२ लाखांची नवी गाडी घेतली तर ७ टक्क्यांनी त्या रकमेवरचे ८४,००० रुपये व्याज बुडते, आणि पहिल्याच वर्षीचा घसारा १,८०,००० रुपये. हिशेब असा माझ्या बाजूने आहे. अर्थात त्यात गाडी मिस्त्रींकडे पडून होती ते दिवस धरलेले नाहीत, नातीच्या बारशाला एसटीने जावे लागले तेही नाही. सुरक्षेच्या बाबतीत तर नवी गाडी निःसंशय वरचढ आहे. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, म्हणून नात आली की तिला नेण्या-आणण्यासाठी भाड्याची नवी गाडी मागवतो. यावर मी वाद घालत नाही.

पण साखरपा सोडून आंबा घाट चढू लागावे. दुसरा गिअर, वेग ताशी ४०-४५, काटा साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास. वेग काहीच नाही. मागून येणारा दूधवालाही पुढे जाऊ शकेल. तरीही त्या फेऱ्यांवर इंजिनाचा आवाज एकदम मोकळा होतो, जणू गळ्यातली खरखर जाऊन स्वर लागावा. ॲक्सिलरेटरला संगणक नाही, एक साधी केबल आहे. पायाने जितके सांगितले तितकेच आणि तत्क्षणी होते. स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालणारे, त्यातून रस्त्याचा पोत तळहाताला कळतो: येथे खडी, येथे ओल, येथे नवे डांबर. नव्या गाड्या मी चालवल्या आहेत. त्या उत्तम आहेत आणि मला काहीही सांगत नाहीत. घाटमाथ्यावर थांबून बॉनेट उघडून शीतकाची पातळी पाहणे हा आमचा नेम. सौभाग्यवती म्हणतात, तुम्ही निसर्ग पाहायला येता की टाकी? दोन्ही, हे उत्तर त्यांना चाळीस वर्षांच्या सहवासाने पाठ झाले आहे.

खरी चिंता वेगळीच आहे. मिस्त्री आता ६४ वर्षांचे झाले आणि त्यांचे गुडघे गेले. दिवाळीनंतर गॅरेज बंद करण्याचे त्यांनी ठरवले आहे. मुलाचे मोबाइलचे दुकान आहे, त्याचे बरे चालले आहे. बुश पुन्हा कातता येतील, सेन्सर कुर्ल्याला मिळेल. पण थंड इंजिनावर पहिल्या दहा सेकंदांत टक्-टक् आले तर काय समजायचे आणि गरम झाल्यावर आले तर काय, हे ज्ञान त्यांच्या कानात आहे आणि कोणत्याही पुस्तिकेत नाही. त्याचा घसारा कोणत्या दराने मोजावा हे मला एम.कॉम.ला कोणी शिकवले नाही.

म्हणून गेल्या चैत्रापासून आम्ही एक वही घातली आहे. डाव्या पानावर लक्षण, उजव्या पानावर कारण आणि उपाय, खाली भागाचा क्रमांक आणि तो कोठे मिळाला ते. मिस्त्री सांगतात, मी लिहितो, खतावणीच्या जुन्या वळणाने. आयटीआयचा एक मुलगा रविवारी येतो. पहिल्या दिवशी त्याने ‘याला स्कॅनर नाही लागत?’ असे विचारले, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातात एक लांब पेचकस दिला, त्याचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायला सांगितली आणि एक-एक सिलिंडर ऐकवला. तिसरा सिलिंडर वेगळा वाजतो, हे मुलाने आपणहून ओळखले. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः आणला.

वहीची ६१ पाने भरली आहेत. नवा टायमिंग बेल्ट कपाटात आणून ठेवला आहे, त्याच्या वेष्टनावर तारीख घातली आहे. तो बसवण्याचे काम दोन रविवार चालेल. पाने आता तो मुलगा उघडणार, मिस्त्री खुर्चीवर बसून सांगणार, आणि दिवा धरायचे काम माझ्याकडे आले आहे.