कच्चा रंग, पक्का रंग : कापड व्यापाऱ्याने जाणावे असे रसायन

आळंदीत पालखीच्या दिवसांत भगव्या कापडाला चांगली मागणी असते. काही वर्षांपूर्वी आम्ही घाऊक बाजारातून "पक्का रंग" म्हणून भगवे तागे आणले. वारीहून परतल्यावर एक माळकरी दुकानात आले. म्हणाले, "भाई, पावसात पताकेचा रंग सदऱ्यावर उतरला." आम्ही पैसे परत केले. घाऊकवाल्याने मात्र हात वर केले. तेव्हापासून आम्ही रंगाची चौकशी करू लागलो. व्यापारी बंधूंना उपयोगी पडेल ते येथे देत आहोत.

सुती कापडावरचे सर्व रंग सारखे नसतात. डायरेक्ट रंग धाग्याला नुसता चिकटतो, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडाथोडा जातो. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. तिला आधी विरघळवून धाग्यात मुरवतात आणि हवा लागताच ती आत घट्ट बसते. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा सोड्याच्या पाण्यात सुताशी रासायनिक संयोग होतो. खरा पक्का म्हणावा तो हाच.

या रंगांमागे मोठा इतिहास आहे. १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन डांबरातील द्रव्यापासून कोयनेल बनवू पाहत होता. हाती आला जांभळा रंग! कृत्रिम रंगांचा धंदा तेथून सुरू झाला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातील निळीची शेती बसली. रिअ‍ॅक्टिव्ह रंग इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये आणले. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात डॉ. के. वेंकटरामन यांनी रंगांच्या रसायनावर मोठे काम केले. पुढे १९५७ मध्ये ते आपल्या शेजारच्या पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

आता धंद्याची गोष्ट. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि कापडात मोकळा राहतो. रंगाईनंतर गरम पाण्यात साबणाने धुऊन तो काढावा लागतो. पाणी व इंधन वाचवण्यासाठी कोणी हे धुणे आखडले, तर पक्का रंगही सुटतो.

परीक्षा सोपी आहे. कापडाच्या तुकड्याला पांढरे सुती कापड टाचून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. असे चार वेळा करा. दोन-तीन धुण्यांनंतर रंग थांबला, तर तो जास्तीचा मोकळा रंग होता. गिऱ्हाइकाला "आधी वेगळे धुवा" एवढे सांगावे. दर वेळी सुटत राहिला, तर माल कच्चा समजावा. मिठाच्या पाण्याने असा रंग कायमचा पक्का होत नाही.

आम्ही आता खरेदीच्या बिलावर "रंगाची हमी" लिहून घेतो. जो लिहून देत नाही, त्याचा माल कच्चा म्हणूनच विकतो. नफा थोडा कमी पडतो, पण पुढच्या वारीला तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढते.