रिव्हर्स प्रॉक्सी : एका पत्त्याखाली अनेक वेब ॲप

समजा, तुमच्या लॅबमध्ये एकच सर्व्हर आहे. त्यावर ग्राफाना ३००० या पोर्टवर आणि ज्युपिटर ८८८८ वर चालते. पोर्ट क्रमांक कोणी पाठ करत नाही, म्हणून पुढे ४४३ वर एन्जिनएक्स ठेवायचे. ते येणाऱ्या विनंतीचा पाथ पाहते आणि ती योग्य ॲपकडे पाठवते. मूळ ॲप फक्त १२७.०.०.१ वर ऐकत आहेत ना, हे आधी तपासा. नाहीतर प्रॉक्सीला वळसा घालून कोणीही थेट आत येईल.

आता खरी डोकेदुखी, ती म्हणजे एक तिरपी रेघ. ‘/ग्राफाना/’ या लोकेशनमध्ये प्रॉक्सी-पासचा पत्ता पोर्ट क्रमांकावरच संपला, तर ॲपला ‘/ग्राफाना/लॉगिन’ असा पूर्ण पाथ मिळतो. पोर्टनंतर ‘/’ लिहिले, तर पुढचा भाग गळतो आणि ॲपला फक्त ‘/लॉगिन’ दिसते.

पाथ गाळला म्हणजे काम झाले, असे वाटते. पण ते जातानाचे झाले. परत येणाऱ्या एचटीएमएलला एन्जिनएक्स हात लावत नाही. पानात ‘/स्टॅटिक/’ने सुरू होणारा दुवा असेल, तर ब्राउझर ती फाइल मुळापासून मागतो, ४०४ मिळतो आणि पान उघडेबोडके दिसते. काही जण सब-फिल्टरने एचटीएमएलमधले दुवे बदलत बसतात. जावास्क्रिप्टने ऐनवेळी तयार केलेले पत्ते त्यातून निसटतात, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही. त्यापेक्षा ॲपलाच त्याचा पाथ सांगा: ज्युपिटरमध्ये बेस-यूआरएल, ग्राफानात रूट-यूआरएल आणि सोबत सर्व्ह-फ्रॉम-सब-पाथ चालू. मग पाथ गाळायचा नाही, म्हणजे शेवटची ‘/’ नको. अशी सोय नसलेल्या ॲपला सरळ वेगळे सबडोमेन द्या.

ज्युपिटरची वही उघडते, पण कर्नल जोडला जात नाही? वेबसॉकेटसाठी लागणारे अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर एन्जिनएक्स आपणहून पुढे पाठवत नाही. ते लिहावे लागतात.

कुकीचा घोळ मी स्वतः भोगला आहे. दोन ॲपच्या कुकीचे नाव ‘सेशन’ आणि पाथ ‘/’ होता. एकात लॉगिन केले की दुसरे बाहेर काढायचे, आणि हे कळले प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना! प्रॉक्सी-कुकी-पाथ या एका ओळीने ते मिटले.

मात्र त्या ओळीला सुरक्षेची भिंत समजू नका. ब्राउझर ओरिजिन ठरवतो तो प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट यांवरून. पाथ त्यात येत नाही. एका ॲपमध्ये घुसलेली स्क्रिप्ट शेजारच्या ॲपला तुमच्या लॉगिननिशी विनंती करून उत्तरही वाचू शकते. म्हणून गुणनोंदीचे ॲप आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प एकाच होस्टवर उपपाथांत ठेवू नयेत.

सराव : शेवटची ‘/’ एकदा ठेवून आणि एकदा काढून ब्राउझरची नेटवर्क टॅब व ॲपचा लॉग शेजारी-शेजारी पाहा.