वाडीची शाळा आणि पटाचं गणित

रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट अकरा आहे म्हटलं, की ऐकणारा लगेच निकाल देतो, 'गुरुजी शिकवत नसतील.' कुठे कुठे ते खरंही असेल. पण 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास 5 टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्गाचीही घटलीच. चाकरमानी मुंबईला, बायकापोरं विरार-नालासोपाऱ्यात. त्यात राज्याचा जननदर 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे 1.7 मुलांवर आलेला. वाडीत पोरंच नाहीत, तर पट वाढणार कुठून?

अकरा मुलं म्हणजे गुरुजींना आराम, असंही वाटतं. एका खोलीत पहिली ते पाचवी चालवून बघावी. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ. अलीकडे तिसरीची हातच्याची वजाबाकी, पलीकडे चौथीचा भागाकार, आणि पहिलीतली दोघं खाली चिंचोके मोजत बसलेली. मधेच पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती. गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेले, की शाळा दुसऱ्या शिक्षकावर, तो असेल तर! शिक्षण हक्क कायदा साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक देतो. राज्याच्या मार्च 2024च्या संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयानंतर मात्र छोट्या शाळांतला हा दुसरा शिक्षकच वादात सापडला.

सगळ्यात पक्का समज म्हणजे 'वीसच्या खाली पट गेला की कायद्यानेच शाळा बंद.' असं कायद्यात कुठेही नाही. वीसचा आकडा राज्याच्या 2011च्या नियमांत आहे, पण तो नवी शाळा उघडण्यासाठी. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी, हेही तिथलंच. 2023मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर आसपासच्या छोट्या शाळा एकत्र आणणाऱ्या समूह शाळांचा प्रस्ताव आला. कागदावर तो चांगला दिसतो; पण कोकणात जुलैमध्ये पऱ्ह्याला पाणी आलं आणि साकव बुडाला, की पलीकडची शाळा सहा वर्षांच्या पोराला परगावच.

आणि शाळेत फक्त वाडीचीच मुलं असतात, हेही खरं नाही. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची, चिरेखाणीवरच्या कानडी मजुरांची मुलं याच बाकांवर बसतात. पण शिक्षकांची पदं ठरतात 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि यातली बरीच कुटुंबं येतात दिवाळीच्या सुमारास.