विमान बंगळूरचे, इंजिन परक्याचे

फेब्रुवारी २०२५मध्ये बंगळूरनजीकच्या येलहंका हवाई तळावर ‘एअरो इंडिया’ प्रदर्शन भरले असताना हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या (एचएएल) अधिकाऱ्यांना तेजस विमानांच्या विलंबाबद्दल चार शब्द सुनावले आणि ते कॅमेऱ्यात टिपले गेले. सेनादलाच्या प्रमुखाने सरकारी कारखान्यावरील अविश्वास असा उघड बोलून दाखवावा, हे राजधानीच्या शिष्टाचारात बसणारे नव्हते. चिंता मात्र खरी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात अखेरची मिग-२१ विमाने चंडीगडला निवृत्त झाली, तेव्हा ४२ स्क्वाड्रनची मंजुरी असलेल्या हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या.

ही पोकळी भरून काढण्यासाठी ८३ ‘तेजस मार्क-१ए’ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटी रुपयांचा करार फेब्रुवारी २०२१मध्ये झाला होता. पहिले विमान मार्च २०२४मध्ये मिळावयाचे होते. ती मुदत टळली. रडार आणि शस्त्रप्रणालींच्या जुळणीतही वेळ गेला. परंतु सर्वांत बोलके कारण इंजिनाचे होते. अमेरिकेच्या जीई कंपनीशी ९९ ‘एफ-४०४’ इंजिनांचा करार ऑगस्ट २०२१मध्ये झाला आणि त्यातील पहिले इंजिन मार्च २०२५मध्ये हाती पडले. मधल्या काळात बंगळूरच्या कारखान्यात विमानांचे सांगाडे इंजिनांची वाट पाहत होते. सांगाडा आपला आणि इंजिन परक्याचे, हे चित्र बंगळूरला नवे नाही. ते साठ वर्षे जुने आहे.

वालचंद आणि घाटगे

बंगळूरच्या विमान उद्योगाच्या मुळाशी एक सोलापूरकर आहे. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाचे साह्य घेऊन डिसेंबर १९४०मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि भांडवल देऊ केले. अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांनी यंत्रसामग्री व तंत्रज्ञ आणले. १९४२मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचताच इंग्रज सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. खासगी धाडसातून जन्मलेला हा कारखाना तेव्हापासून सरकारी झाला.

कारखान्याला आरेखनाची दृष्टी दिली ती आणखी एका मराठी माणसाने. कोल्हापूर परिसरातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकले होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत प्रांटल यांची गणना होते. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१मध्ये उडाले आणि पुढे कित्येक वर्षे भारतीय वैमानिक त्यावर शिकले. पण याही विमानाचे इंजिन ब्रिटिश बनावटीचेच होते. प्रशिक्षण विमानात ते खपून गेले, लढाऊ विमानात तसे झाले नाही.

मरुतचा धडा

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची विख्यात लढाऊ विमाने घडवणारे कुर्ट टांक १९५६मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले. त्यांनी भारतीय अभियंत्यांच्या साथीने आरेखिलेले ‘एचएफ-२४ मरुत’ १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी उडवले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट ठेवून हे विमान रेखाटले होते आणि त्यासाठी ब्रिटनच्या ‘ऑर्फियस-१२’ या अधिक ताकदीच्या इंजिनावर भिस्त होती. त्या इंजिनाला युरोपात गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा विकासाचा खर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव आला. दिल्लीने तो स्वीकारला नाही. अखेर ‘नॅट’ विमानातील ‘ऑर्फियस-७०३’ हे कमी ताकदीचे इंजिन मरुतमध्ये बसवण्यात आले आणि ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी रेखाटलेले विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडखळले. इजिप्तमध्ये विकसित होत असलेले इंजिन बसवण्याचा प्रयत्नही तो प्रकल्प बंद पडल्याने संपला. १० जानेवारी १९७० रोजी मरुतच्या सुधारित नमुन्याला झालेल्या अपघातात सुरंजन दास यांचा मृत्यू झाला.

असे १४७ मरुत बांधले गेले. १९७१च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी चोख कामगिरी बजावली. म्हणजे विमान वाईट नव्हते. त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही.

ओझरची आणि कोरापुटची वाट

तोवर दिल्लीला दुसरी वाट सापडली होती. मिग-२१ परवान्याखाली देशात बांधण्याचे ठरले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यासाठी नाशिकजवळ ओझरला विमानाचा, तर ओडिशात कोरापुटला इंजिनाचा कारखाना उभा राहिला आणि ऑक्टोबर १९६४मध्ये ‘एचएएल’ आजच्या रूपात आली. हवाई दलाला शेकडो विमाने मिळाली, ओझरच्या माळावर हजारो कुशल हात तयार झाले. या निर्णयाला तेव्हा नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. १९६२च्या पराभवानंतर विमाने तातडीने हवी होती.

मात्र परवान्यातून मिळतात ते नकाशे. एखादे पाते अमुकच धातूचे का, त्यातील छिद्रे अमुकच कोनात का, हे त्यात लिहिलेले नसते. जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये शिरणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहूनही तप्त असतो. त्यातही पाते टिकते, कारण ते निकेलच्या मिश्रधातूच्या एकाच स्फटिकातून घडवलेले असते आणि त्याच्या पोटातील सूक्ष्म मार्गांतून थंड हवा खेळवलेली असते. हे ज्ञान कोणताही देश विकत नाही. ते इंजिने जाळून, मोडून आणि पुन्हा बांधून मिळवावे लागते.

कावेरीला काय नडले?

हा प्रयत्न बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने (जीटीआरई) केला. तेजससाठीच्या ‘कावेरी’ इंजिनाला १९८९मध्ये ३८३ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि १९९६अखेर ते पूर्ण व्हावयाचे होते. पुढे खर्चाचा अंदाज २,८३९ कोटींवर गेला, तरी वजन अपेक्षेहून जास्त आणि ताकद कमी राहिली. २००८मध्ये कावेरीची तेजसपासून फारकत झाली. महालेखापालांनी ताशेरे ओढले आणि संस्थेच्या नियोजनातील उणिवा त्यात उघड झाल्या, हे नाकारता येणार नाही. पण त्याच कहाणीत हेही आहे, की उंचीवरील चाचण्यांसाठी कावेरीला रशियात न्यावे लागले. विमानाला लावून आकाशातील पहिली चाचणीही नोव्हेंबर २०१०मध्ये तेथेच, ‘आयएल-७६’ विमानावर झाली. चाचणीची साधने परदेशात आणि जाब मात्र बंगळूरला, अशी ही विभागणी होती.

याउलट तेजसने काय साधले, तेही पाहावे. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर तेथे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले. त्यांनी ती प्रणाली येथे पूर्ण केली आणि ४ जानेवारी २००१ रोजी तेजस उडाले. राष्ट्रीय एअरोस्पेस प्रयोगशाळेने त्यासाठी कार्बन संमिश्रांचे भाग घडवले. बुद्धीची वाण नव्हती, आजही नाही. त्याच जीई कंपनीचे संशोधन केंद्र २०००पासून बंगळूरच्या व्हाइटफिल्डमध्ये आहे आणि तेथे भारतीय अभियंतेच काम करतात.

निर्णय साउथ ब्लॉकचा

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले आणि तेथे बांधलेले पहिले मार्क-१ए आकाशात झेपावले. महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. त्याआधी सप्टेंबरात आणखी ९७ विमानांचा करार झाला आणि नोव्हेंबरात त्यांच्यासाठी ११३ इंजिनांची मागणी पुन्हा जीईकडेच नोंदवण्यात आली. तूर्त दुसरा इलाज नव्हता. पुढील पिढीच्या ‘ॲमका’ या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर देशातच इंजिन विकसित करण्याचा मनोदय संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केला आहे.

या मनोदयाचे भवितव्य बंगळूरपेक्षा साउथ ब्लॉकवर आणि अर्थ मंत्रालयावर अधिक अवलंबून असेल. इंजिनाला एका सरकारच्या कार्यकाळाहून अधिक काळ लागतो. फायलीवर सही करणारा अधिकारी तोवर निवृत्त झालेला असतो आणि अपयशाचा जाब मात्र दरवर्षी विचारला जातो. म्हणून इंजिनाचा निधी विमानाच्या निधीपासून वेगळा ठेवणे, उंचीवरील चाचण्यांची सोय देशात उभारणे आणि आरेखनाचा हक्क करारात लिहून घेणे, या तीन गोष्टी आरंभीच व्हावयास हव्यात. ऑर्फियस-१२च्या वेळी वाचवलेल्या पैशांची किंमत मरुतने आयुष्यभर मोजली. तीच कंजुषी ‘ॲमका’च्या फायलीवर पुन्हा उमटू नये, एवढी दक्षता तरी दिल्लीने घ्यावयास हवी.