आईचे मूत्रपिंड मुलाने घ्यावे काय?

मुलासाठी आई आपला जीवही देईल, असे आपण सहज बोलून जातो. परंतु मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे डॉक्टर सांगतात, तेव्हा ते नुसते बोलणे राहत नाही. आईचे एक मूत्रपिंड, लोकांच्या बोलीतील किडनी, काढून मुलाच्या शरीरात बसविता येते. ते घ्यावे काय आणि केव्हा घ्यावे, हे मात्र कुटुंबालाच ठरवावे लागते. बिदर जिल्ह्यातील हळ्ळीखेड (बी) सारख्या गावी, जेथून मोठी रुग्णालये लांब पडतात, तेथे हा निर्णय अधिकच कठीण होतो.

या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही. १९५२ च्या नाताळात पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात मारियस रेनार या सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईचे मूत्रपिंड बसविण्यात आले. उंचावरून पडून त्याचे एकुलते एक मूत्रपिंड फुटले होते. आईचे मूत्रपिंड सुमारे तीन आठवडे चालले. मग मुलाच्या शरीराने ते परके म्हणून नाकारले आणि मुलगा दगावला. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. दोघे अगदी एकरूप जुळे असल्यामुळे ते टिकले. पुढे शरीराचा हा विरोध दाबणारी औषधे निघाली आणि जुळे नसलेल्या आप्तांचे मूत्रपिंडही टिकू लागले. भारतात १९७१ साली वेल्लोर येथे ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली.

म्हणजे मारियसच्या आईच्या त्यागात काही उणे नव्हते. उणीव होती ती औषधांची. आजही पालकांनी पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती हीच. नवे मूत्रपिंड जोवर काम करते तोवर औषधे रोज आणि वेळेवर घ्यावी लागतात. पहिल्या काही महिन्यांत रक्ततपासणीसाठी वारंवार रुग्णालय गाठावे लागते. हैदराबाद किंवा बेंगळूरला जाण्यायेण्याचा खर्च, बुडणारी मजुरी आणि औषधांचा मासिक खर्च यांचा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वीच मांडावा. सरकारी आरोग्य योजनेतून किती मदत मिळेल, याचीही चौकशी तेव्हाच करावी.

दुसरी गोष्ट काळाची. जिवंत दात्याचे मूत्रपिंड साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे चालते. दहा वर्षांच्या मुलाला तरुणपणी पुन्हा दुसरे लागण्याचा संभव असतो. मग आईचे मूत्रपिंड पुढच्यासाठी राखून ठेवावे काय? हा विचार चुकीचा नाही. परंतु तोपर्यंत आईचे वय वाढते, तिला मधुमेह किंवा रक्तदाब जडू शकतो. इकडे डायलिसिसवरील मुलाची वाढ खुंटते. यंत्रावरील डायलिसिस आठवड्यातून बहुधा तीन वेळा करावे लागत असल्याने शाळाही बुडते. म्हणून योग्य दाता असल्यास डॉक्टर सहसा विलंब करू नये असे सांगतात. २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबाही कायद्याने जवळच्या नातेवाइकांत मोडतात.

तिसरी गोष्ट दात्याची. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर चांगला जगतो. उरलेले मूत्रपिंड वाढीव काम उचलते. तरीही ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि दहा हजार दात्यांमागे सुमारे तीन मृत्यू घडतात. पुढे बाळंतपण व्हावयाचे असल्यास रक्तदाबाचा धोका थोडा वाढतो. आपल्या देशात जिवंत दात्यांत स्त्रियांचीच संख्या अधिक आहे. घरातील वडीलधारी मंडळी ‘आईच देणार’ असे गृहीत धरतात, आणि सासरी नाही म्हणण्याची सोय सुनेला नसते. म्हणून तिला एकटीला भेटून, तिच्याच भाषेत, तिची इच्छा विचारली गेली पाहिजे. वडिलांची तपासणीही त्याच वेळी व्हावी.

घरात दाता नसेल तर मूत्रपिंड विकत घेण्याचा मार्ग बंद आहे. त्याला पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान वीस लाख रुपये दंड आहे. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी रुग्णालयामार्फत कर्नाटकच्या ‘जीवसार्थकते’ या संस्थेकडे नाव नोंदविता येते. प्रतीक्षा लांबू शकते. पण नोंदणी करून डायलिसिस चालू ठेवणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे नव्हे.

मुलालाही त्याच्या वयाला समजेल असे सर्व सांगावे. पौढावस्थेच्या उंबरठ्यावरील मुले औषधे चुकवितात आणि चांगले चाललेले मूत्रपिंड गमावतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. आईच्या उपकाराची आठवण रोज दिल्याने औषध घेतले जात नाही. उलट मुलाच्या मनावर ओझे होते. आई निरोगी व राजी असेल आणि औषधांची तजवीज झाली असेल, तर मूत्रपिंड अवश्य घ्यावे. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर ती जुळेपर्यंत थांबावे, आणि त्याचा दोष कोणीही आईच्या माथी मारू नये.