रूम नंतर, आधी भरती बघा!

सेम संपली, की ग्रुपवर 'कुठेतरी जाऊया'चा पाऊस सुरू होतो. गोवा रद्द होतं, अलिबागला बजेट बसत नाही आणि शेवटी गाडी येते आपल्याच लाइनवर. मग कुणीतरी रिसॉर्टचा फोटो टाकतं. निळाशार पूल, मागे समुद्र, पाच-सहा हार्ट आणि लगेच अ‍ॅडव्हान्स! थांबा. फोटोत पूल दिसतो. भरतीची वेळ, पाण्याची चव आणि शेवटची ट्रेन दिसत नाही. आणि ट्रिप बिघडते ती नेमकी याच गोष्टींवर.

आधी ठरवा, जायचंय कशाला?

पालघरच्या किनाऱ्यावर दोन वेगळ्या ट्रिप आहेत. एक वसई-विरारची. अर्नाळा, राजोडी, कळंब या पट्ट्यात वाड्यांमधून रिसॉर्ट आहेत. विरार किंवा नालासोपाऱ्याला उतरा, रिक्षा किंवा बस पकडा, दिवसभर धमाल करून रात्री घरी. इथे बऱ्याच ठिकाणी दर खोलीवर नाही, माणशी असतो.

दुसरी ट्रिप बोर्डी-घोलवडची. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. चिकूच्या बागा आणि सुरूची झाडं अजून टिकून आहेत, त्यामागे हेही एक कारण. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. चिकूपासून वाइन बनवण्याचा उद्योगही याच बोर्डीत उभा राहिला. इथे बागेतल्या होमस्टेमध्ये रात्र काढण्यातच मजा आहे. डीजे हवा असेल, तर हे गाव तुमच्यासाठी नाही.

आणि हो, वाइन म्हणजे ज्यूस नव्हे. महाराष्ट्रात वाइन आणि बीअरसाठी वयाची अट २१ पूर्ण, इतर मद्यासाठी २५. एफवाय-एसवायवाल्यांनी चिकूच खावेत.

तिथी गुणिले पाऊण

'सी-फेसिंग' रूमचे जास्तीचे पैसे देण्याआधी कालनिर्णय उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे भरदुपारी पाणी लांब गेलेलं आणि समोर नुसती ओली वाळू नि चिखल.

हा प्रश्न फोटोपुरता नाही. भरती उतरायला लागली की पाणी आत ओढतं, आणि या किनाऱ्यांवर बुडून मुलं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यात बहुतेक जण पिकनिकला आलेले, तुमच्याच वयाचे. म्हणून रिसॉर्टवाल्याला थेट विचारा: बीचवर जीवरक्षक असतात का? पूलवर कुणी असतं का? तिथे पोहोचल्यावर एखाद्या कोळी काकांना विचारा, 'आज पाणी कसं आहे?' ते नको म्हणाले, तर नकोच. पावसाळ्यात तर प्रशासन अनेकदा मनाई आदेशच काढतं.

फोनवर विचारायचे पाच प्रश्न

१. दर माणशी की खोलीचा? जीएसटी, नाश्ता, जेवण धरून का? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

२. प्लॅन रद्द झाला तर अ‍ॅडव्हान्स परत किती? डिपॉझिट आहे का?

३. आंघोळीला पाणी गोडं की खारं? लाइट गेली तर जनरेटर आहे का?

४. ओळखपत्र कोणतं लागेल? सज्ञान मुलगा-मुलगीने एकत्र खोली घेऊ नये असा कायदा नाही. पण अनेक हॉटेलं आपापले नियम लावतात, 'लोकल आयडी चालणार नाही' असंही सांगतात. हे गेटवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

५. ग्रुपमध्ये मुली असतील तर दाराला आतून नीट कडी आहे ना, रात्री गेटवर कुणी असतं ना? हे विचारायला लाजू नका. समोरचा चिडला, तर उत्तर मिळालंच!

रिव्ह्यू वाचताना पाच स्टार सोडा, दोन-तीन स्टारवाले आणि गेल्या दोन महिन्यांतले वाचा. खरी माहिती तिथेच सापडते.

परतीचं काय?

विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, पण ती चर्चगेट लोकलसारखी दर पाच मिनिटांनी नसते. हे अंतरही साठ किलोमीटरच्या वर. बोर्डीला जाण्यासाठी घोलवडला थांबणारी गाडी शोधा, नाहीतर डहाणू रोडहून एसटी किंवा रिक्षा. तेव्हा चेक-आउटची वेळ आणि टाइमटेबल शेजारी ठेवूनच बुकिंग करा. स्वस्त रूमचे वाचलेले पैसे रात्री रिक्षात गेले, तर काय कमावलं?

एवढं विचारायला अर्धा तास पुरतो. ग्रुपमधल्या सगळ्यात चिकट मित्राच्या हातात फोन द्या. नेहमी डोकं खाणारा तोच या वेळी सगळ्यांच्या कामी येईल!